डावा कान

बर्डीवर, दुसऱ्या माळ्यावरच्या त्या दुकानात
कूलर इतका घरघरत होता
की आवाजाचा माल विकणारा पोरगा ओरडून बोलत होता.

"काका, गेमिंगसाठी की पिक्चरसाठी?"
मी म्हटलं, कापड.
तो हसला. मग सांगावं लागलं:
गोळीबार चौकातले माग, एकतीस वर्षं,
आणि डावा कान, जो तिथेच राहिला.
ताग्यासारखा कुणी तो मोजून घेतला नाही.

विपुल त्याचं नाव. त्यानं तीन साउंड कार्डं मांडली.
हे सात स्पीकरवालं, पाठीमागूनही आवाज येतो.
(माझ्या पाठीमागे भिंत, भिंतीपल्याड हेडाऊंच्या शिवणमशिनी.)
हे चोवीस बिट.
हे बाहेरून लावायचं.
किमती ऐकायला उजवा कान पुरला.

"एक गंमत पाहा," म्हणत त्यानं
हेडफोन माझ्या डोक्यावर बसवला,
पडद्यावर कुठेतरी टिचकी मारली
आणि तबल्यातला डग्गा
उजवीकडे आला,
जरा सरका म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा.
इतकी वर्षं मी अर्ध्याच मैफलीला माना डोलावत होतो.

म्हटलं, हेच दे.
"काका, हे तर तुमच्या घरच्या कॉम्प्युटरात आधीपासूनच आहे.
फुकट. फक्त मोनो करून घ्या."

काहीच घेतलं नाही असं नको म्हणून
अडीचशेचा हेडफोन घेतला.
पावती करताना तो ओरडायचा थांबला,
काउंटरला वळसा घालून
माझ्या उजवीकडे येऊन उभा राहिला
आणि हळूच म्हणाला,
सुट्टे आहेत काय?