रंगाचा हात

बुधवारी चार वाजता, वालपाराइसोच्या टेकडीवर,
वाचनालयाच्या मागच्या खोलीत
अकरा मुलं आणि एक म्हातारा.
नाव नोंदवताना मी वय विचारलं नव्हतं,
त्यानंच सांगितलं: मी एकोणसत्तर, उजवा गुडघा नव्वद.
एलेउतेरिओ ओयार्सून. धंदा, घरं रंगवणे.
मग 'रंगवणे' खोडून त्यानं 'रंगवायचो' केलं.

पहिल्या तासाला सगळे जिथे अडकतात तिथेच अडकले.
शाळेतला वाय वर जातो,
इथला खाली.
शून्य छताशी; आकडा वाढवला की आकार घसरतो.
रायेनचा सूर्य जमिनीत गेला,
बाउतिस्ताचं विमान पडद्याबाहेर.
म्हातारा तेवढा बुचकळ्यात पडला नाही.
"भिंत वरूनच धरायची असते," म्हणाला,
"ओघळ खाली येतो ना.
ज्यानं हे यंत्र केलं
त्यानं कधीतरी ब्रश धरला असणार."
मला खरं कारण ठाऊक होतं,
जुन्या पडद्यांतला किरण, ओळीखाली ओळ, वगैरे.
सांगितलं नाही.

पुढच्या बुधवारी रायेननं घर काढलं.
चौकोन, त्यावर त्रिकोण,
आणि दार काही केल्या दिसेना.
तिनं दाराचा रंग बदलला, रुंदी वाढवली,
स्वल्पविराम मोजले,
नाक ओढायला लागली.
तो काठी टेकत आला, चष्मा कपाळावर सरकवला,
"दार तिसऱ्या ओळीत. भिंत सातव्या.
पोरी, दारावरून भिंत मारलीस की."
ओळ कापून खाली डकवली.
लाल दार. कडीसकट.

रंगांशी मात्र त्याचं जमेना.
लाल नि हिरवा मिळून पिवळा?
"चाळीस वर्षं मिसळले, चिखलच झाला."
मी म्हटलं, हा रंग नाही, उजेड आहे.
बराच वेळ गप्प. मग, "म्हणजे बादली नसते."
नसते.
"आणि तिन्ही पुरेपूर ओतले तर?"
पांढरा.
गिऱ्हाईकानं भाव पाडल्यावर हलवावी
तशी मान हलवली.

त्याला एकच निळा हवा होता,
जी भिंत अर्धी टाकून शिडीवरून खाली आला तिचा:
जहाजाचे उरलेले दोन डबे आणि कुठलासा करडा.
उरलेली अर्धी दुसऱ्या कुणी साय-रंगात उरकली होती.
अडतीस, चौऱ्याण्णव, एकशे एकतीस.
"जवळ आहे. पण हा सोमवारचा,
मला शनिवारचा पाहिजे."
तीन बुधवार गेले त्यात.
अखेर हिरव्यात सहा वाढवले आणि तो काही बोलला नाही,
म्हणून आम्ही तिथेच थांबलो.

मग भिंत. पन्हळी पत्र्याच्या एकशेवीस उभ्या पट्ट्या,
बाउतिस्तानं लूपमध्ये चार ओळींत बसवल्या.
कड आली सुरीनं कापल्यासारखी.
म्हातारा आपल्या हाताकडे पाहत राहिला,
मांडीवर ठेवला तरी जो हलतच होता.
"हे माझं काम नव्हे.
इतकी सरळ कड मी विशीतही मारली नाही."
रायेन म्हणाली, मग वाकडी करू,
आणि प्रत्येक पट्टीला रँडम दिलं,
उणे दोन ते अधिक दोन.

भिंत सेकंदाला साठदा नव्यानं निघत होती,
साठदा नव्यानं चुकत होती.
अख्खं घर थरथरायला लागलं.
खोलीतल्या सगळ्यांनी, मीसुद्धा,
सवयीनं आधी वर दिव्याकडे पाहिलं.
दिवा स्थिर होता.
तेव्हा कुठे हसू फुटलं.

"एकदाच काढ म्हणावं त्याला," डॉन एलेउतेरिओ म्हणाला.
एक ओळ लिहिली. भिंत थांबली,
जिथे चुकली होती तशीच.

मी गंमतीनं विचारलं, दुसरा हात द्यायचा का?
त्यानं वाकून, खालच्या कोपऱ्यात,
गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा ठिकाणी
करंगळी टेकवली.
मग करंगळीचं टोक पाहिलं.
खिडकीपाशी नेऊन
पुन्हा पाहिलं.