चार बोटं रोज

मालागाला उतरलो तेव्हा ऊन होतं,
अंगावरच्या कोटाची लाज वाटावी इतकं.
तीन तासांनी बस हाएनच्या डोंगरात शिरली
आणि काचा धुक्याने भरल्या.
मग नुसती ऑलिव्हची झाडं,
टेकडीमागून टेकडी, रांगेत,
जणू कुणी कंगवा घेऊन भांग पाडत निघालं
आणि थांबायचं विसरलं.

आई दारातच म्हणाली, ‘वाळलास.’
मग यूरेकडे वळून बरंच काही.
त्याला अक्षर कळलं नाही.
रॉटरडॅमच्या शाळेत तो जी स्पॅनिश शिकतो
तिच्यात शब्दांना शेवट असतात.
आमच्या गावात शब्दांच्या शेपट्या गिळतात,
बियांसकट.

घरात बाहेरच्याहून जास्त थंडी.
भिंती हातभर जाड, उन्हाळ्याच्या भीतीने बांधलेल्या.
टेबलाखाली शेगडी, टेबलावरून जमिनीपर्यंत घोंगडीसारखं कापड,
ते मांडीवर ओढून सगळे बसतो.
पाय भाजतात, पाठ काकडते,
आणि कुणी मुतायला उठलं
की बाकीचे त्याचा उद्धार करतात.

बावीस तारखेला रेडिओवर
पोरं लॉटरीचे आकडे गात होती.
आईचा दहावा हिस्सा, नेहमीचाच आकडा.
लागला नाही.
‘तब्येत धड आहे, हे काय कमी?’
हरलेले सगळे हेच म्हणतात;
त्या दिवशी गावभर
तब्येतीशिवाय दुसरा विषय नव्हता.

कपाटावरचं खोकं मग खाली आलं.
चांदीच्या कागदाची नदी, ओल्या शेवाळाचे डोंगर,
शिखरांवर कणकेचं बर्फ.
कपडे धुणारी बाई, कोंबड्या विकणारा,
माझ्या लहानपणापासून नाक नसलेला मेंढपाळ.
बाळाच्या गोठ्यापाशी सगळे.
तीन राजे मात्र नाहीत. ते लांबून येतात.

बाबा त्यांना टीव्हीमागून रवाना करायचे
आणि रोज रात्री, दिवे मालवण्याआधी,
चार बोटं पुढे सरकवायचे.
सहा जानेवारीला उंट गोठ्याच्या दारात.
सहकारी घाण्यावर चाळीस वर्षं वजनं लिहिणारा माणूस,
हिशेब कसा चुकेल.

मार्चमध्ये ते गेले.
राजे टीव्हीमागेच उभे.
नाताळ झाला, कुणी हात लावला नाही.
आई बघते का हे मी बघत होतो,
आणि मी बघतो का हे आई.

सव्वीसला मळ्यात गेलो. झाडांखाली जाळ्या,
कुस्तोदियोने यंत्राने खोड धरून हलवलं
आणि काळा-हिरवा पाऊस अंगावर आला.
रात्री नवं तेल, भाजलेल्या पावावर.
यूरेच्या घशात आग, तीनदा खोकला.
‘तीन खोकल्यांचं!’ आई खूश झाली.
एका खोकल्याचं तेल
ती पाहुण्यांना वाढत नाही.

अठ्ठावीसच्या सकाळी
राजे टीव्हीच्या बाहेर आले होते.
थोडेच.
पुढच्या दिवशी आणखी थोडे.
माझी चार बोटं मी तिथे लावून पाहिली,
अंतर बसेना.
नऊ वर्षांच्या हाताची चार बोटं होती ती.

आजीने त्याला सांगितलं कधी, कुठल्या भाषेत,
मी विचारलं नाही.
एवढंच मोजलं
की या चालीने ते फेब्रुवारीत पोचतील.

एकतीसला बिसितासियोन मावशीने
त्याच्यासाठी बारा द्राक्षं सोलली, बिया काढल्या.
घड्याळाच्या आठव्या ठोक्याला तो हसला
आणि चार राहून गेली.

आम्ही तीनलाच निघालो. शाळा, नोकरी,
बॅगेत कपड्यांत गुंडाळलेला तेलाचा डबा.
राजे तेव्हा नदीच्या अलीकडे.

सहाच्या संध्याकाळी फोन केला.
‘पोचले?’ यूरेने त्याच्या शाळेतल्या स्पॅनिशमध्ये विचारलं,
शेवटच्या अक्षरापर्यंत.
एका उंटाचा पाय मोडला, आई म्हणाली,
नदी ओलांडताना. भिंतीला टेकवून ठेवलाय.
बाकीचे दोघे थांबलेत त्याच्यासाठी.
आणि पुढे काहीतरी म्हणाली, मलाही नीट कळलं नाही.
शेवटचा शब्द तिने गिळला,
आमच्या गावात गिळतात तसाच.