वीस मिलिलिटर पाणी

शुक्रवार, सहावा तास, नववी ब.
स्टँड पुसून ठेवलेत मी,
परीक्षानळीत वीस मिलिलिटर पाणी,
थर्मामीटर तीनच उरलेत, तेवढे कपाटातून जपून काढलेत,
आणि लक्ष्मीपुरीतनं सकाळी आणलेले
पन्नास ग्रॅम शेंगदाणे, पुडीसकट बाईंच्या टेबलावर.

शिंत्रेबाई वर्गाकडं बघतच फळ्यावर लिहितात:
अन्नातील ऊर्जा मोजणे.
खडू मोडतो. दुसरा मी पुढं करतो.
एकवीस वर्षं माझं काम हेच,
मोडायच्या जरा आधी हात पुढं करायचा.

दाणा सुईत टोचायचा, सुई बुचात.
तस्लीम बागवान टोचता टोचता थांबते.
"बाई, खायचं ते जाळायचं व्हय?"
मागच्या बाकावरचं कुणी हसत नाही.
बाई म्हणतात, "पोटातही जळतंच की गं,
धूर तेवढा दिसत नाही."

काडी लावली. दाणा आधी रुसला,
काळवंडला, कडेनं तेल सुटलं,
आणि मग असा धरला
की पिवळीधमक ज्योत नळीच्या बुडाला चाटू लागली,
एवढ्याशा दाण्याला न शोभणारी.
भडंग परतल्यासारखा वास सुटला.
भिंतीपलीकडं नववी अ चा इतिहास
मिनिटभर थांबला असावा.

सत्तावीस. चाळीस. अठ्ठावन्न.
मैदानात कुस्ती लागल्यावर चढतात
तसे पोरांचे आवाज चढत गेले.
पंचाहत्तरला ज्योत बसली.
सुईवर एक काळा मणी,
फुंकलं तर राख.

दुसरा नमुना गूळ. तो पेटलाच नाही,
वितळला, सुईवरनं ओघळला
आणि नव्या टेबलाला चिकटून बसला.

"तिसरा दाणा कुठाय?"
हणमंत डोईफोडे गप्प. जबडा हलतोय.
पहाटे तालमीत पाचशे बैठका काढून
हा पोरगा थेट प्रार्थनेला येतो.
"गिळलास?"
"व्हय बाई."
"मग सांग, किती अंश वाढले?"
तो पोटावर हात ठेवून खरंच विचार करतो.
"अजून तर काय नाही."

मग गणित. वीस गुणिले अठ्ठेचाळीस,
भागिले दाण्याचं वजन, शून्य पूर्णांक सहा.
ग्रॅमला एक पूर्णांक सहा किलोकॅलरी.
पुस्तकात साडेपाचच्या वर.
खोडरबर फिरले, कागद फाटला एकाचा,
उत्तर जागचं हललं नाही.
"तुमचं चुकलेलं नाही," बाई म्हणाल्या,
"बाकीची उष्णता हवेत गेली, काचेत गेली,
स्टँड बघा किती तापलाय,
आणि ती खिडकी सताड उघडी."

सगळ्यांनी लिहून घेतलं. तस्लीमनं नाही.
"अब्बा दोन भाकरी खाऊन
केळ्यांचा गाडा टाकाळ्याच्या चढाला लावतात.
त्यांची किती जाते बाई, खिडकीतनं?"

एरवी बाईंकडं उत्तर तयार असतं.
यावेळी त्या उठून
खिडकी लावायला गेल्या.
कडी गंजलेली आहे, लागत नाही,
मला ठाऊक होतं. मी काही बोललो नाही.

घंटा झाली. पोरं गेली.
हणमंत सगळ्यात शेवटी, खिशावर हात दाबून,
हळू, दाणा सांडू नये असा.
टेबलावर पुडीचा कागद,
त्यावर तांबडी सालं.

वापर-नोंदवहीत मी लिहिलं:
शेंगदाणे, पन्नास ग्रॅम, प्रयोगात संपले.
जळाले होते सात.
बाईंनी सही केली,
न वाचता, किंवा वाचून.

शेवटच्या नळीतलं पाणी अजून कोमट होतं.
ओतायच्या आधी थोडा वेळ
मुठीत धरून उभा राहिलो.
मग चाकू घेतला
आणि गुळाकडं वळलो.