तिसरी थाप

कुताइसीच्या थिएटरात कोट सांभाळते मी, लामारा.
एकोणीस वर्षं झाली.
तिसरी घंटा होते, दारं मिटतात
आणि माझ्या वाट्याला येते नुसती भिंत.
पलीकडे नाटक, अलीकडे तीनशे कोट,
ओल्या लोकरीचा वास,
कुणाच्या खिशात अक्रोड, कुणाच्या खिशात घटस्फोटाचे कागद
(मी बघत नाही. एतेरी बघते.)

नाटक कसं झालं ते आधी बाह्या सांगतात.
पडलं असेल तर कोट भराभर चढतात,
बटणं खालीवर लागतात.
जमलं असेल तर बाही सापडतच नाही,
हात हवेत चाचपडत राहतो,
मीच मागून धरते.
मतं नंतर. मतं जिन्यावर फुटतात.

दातांचे डॉक्टर ओतारी टाळ्या संपायच्या आत बिल्ला आपटतात,
"वेळ फुकट गेला!"
पुढच्या शुक्रवारी पुन्हा पहिल्या रांगेत.
गुलिको आणि तिचा नवरा एकेक बाही घालून
अर्धा अर्धा तास भांडतात:
ती म्हणते, बाई खोटं रडली,
तो म्हणतो, खोटंच रडायचं होतं तिला,
आणि दुसरी बाही फरशी झाडत असते.
एतेरीचं मत एकच: लांबलं.
राजाचं असो, विदूषकाचं असो, लांबलं.
शेवटची गाडी दहा चाळीसची.

यंदा हिवाळ्यात लागलं ते बापाचं नाटक.
बावीस वर्षांनी घरी आलेला म्हातारा, आतून कडी.
तो दार ठोठावतो. तीन थापा. अंधार. संपलं.
मला भिंतीतून तेवढ्याच ऐकू यायच्या,
त्यावर मी बिल्ले मांडायला घेत असे.

एका गुरुवारी दोनच आल्या.

रेडिएटर टिकटिकला. तिसरी नाही.
आणि माझा उजवा हात, शप्पथ, उठला
आमच्या जुन्या घराची कडी काढायला,
जे घर विकून झालं,
जिथे आता टायरचं दुकान आहे.

त्या रात्री बाही कुणालाच सापडेना.
कुणी म्हणालं, दिग्दर्शकाने बदललं.
कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला चक्कर आली.
डॉक्टर सगळ्यांच्या शेवटी आले, बिल्ला हळूच ठेवला,
"शेवट ठीक होता," एवढंच.

शालवाचा कोट माझ्याकडेच असतो, दोनशे चौदा,
नटांच्या खोलीत उंदीर आहेत म्हणून.
आला, कानामागे रंग राहिलेला.
"कसं झालं?"
म्हटलं, तिसरी मला ऐकू आली.
तो कॉलरशी पुटपुटला, "विसरलो होतो गं."

मग तो रोजच विसरायला लागला.
पेपरात कौतुक आलं, गाव लोटलं,
खुंट्या कमी पडल्या, कोटावर कोट.
दोन थापा आणि मोजून सात सेकंद शांतता.
मी मोजले. माझा हात मांडीवरच.

महिन्याने त्याने पुन्हा विचारलं. विचारायला नको होतं.
म्हटलं, शालवा, विसरणं वेगळं,
विसरलो असं दाखवणं वेगळं.
भिंतीतून कळतं.
"कोट सांभाळ तू," म्हणाला,
आणि दोन आठवडे कोट खांद्यावर टाकून मागच्या दाराने.
एकोणीस वर्षांत एक मत दिलंस, एतेरी म्हणाली,
तेही लांबवलंस.

काल शेवटचा प्रयोग.
दोनशे चौदावर कोट. कुणी आणून टाकला, पाहिलं नाही.
एक थाप. दोन.
मी मोजू लागले. तीन, चार,
पाचव्याला पलीकडे काहीतरी झालं,
थाप नव्हे,
लाकडावर नखाचं नुसतं घासणं,
कुत्रं घासतं तसं,
किंवा मूठ वळायचंही त्राण नाही असा माणूस.

ऐकलंस? मी विचारलं.
"काय?" एतेरी शाल गुंडाळत होती.
जिन्यावर गुलिको म्हणत होती, ते घासणं नको होतं,
तिचा नवरा म्हणत होता, तेच तर हवं होतं,
आणि माझा डावा हात बिल्ल्यांवर,
उजवा कुठे होता
ते तुम्हाला नाही सांगायची.
शालवाने विचारलं तर बघू.
कोट अजून खुंटीवर आहे.