नाव घ्यायचं नाही

गंगावेशीत रात्री जेवणं झाल्यावर
म्हशी येऊन उभ्या राहतात कट्ट्याला,
आणि धारेच्या आवाजावर
आमचं राजकारण सुरू होतं.

त्या रात्री बाबगोंडा मगदूमनं अट घातली :
'ज्यानं त्यानं आपलं मत सांगायचं. स्वतःचं.
पुढाऱ्याचं नाव घ्यायचं नाही.
नाव घेतलं, की सगळ्यांच्या दुधाचं पैसं त्यानं द्यायचं.'

मग एवढी शांतता पडली
की संभा नेजदाराच्या चरवीत
धारेचा सूर बदललेला ऐकू आला :
आधी पत्र्यावर, मग फेसावर.

दिनकर इंगवले पहिला उठला, मांडीवर थाप मारून.
चौथ्या शब्दाला नाव.
पैसे मोजले. पुन्हा उठला.
या खेपेला दुसऱ्याच शब्दाला.
'आरं, त्यास्नी सोडून सांगायचं तरी काय?'
म्हणाला, आणि खरंच
काय सांगायचं ते त्याला सापडेना.
मिशीवरचा फेस तसाच राहिला.

मगदूम तीस वर्षं साखर कारखान्याच्या काट्यावर होता.
'राज्य कुणाचंबी येऊ दे,
काटा खरा पायजे.
गाडीवान अडाणी असला तर जास्तच खरा.'
एवढंच. बसला.

निसार नदाफ उद्यमनगरात साचे भरतो,
नखांत काळी वाळू. त्यानं बराच वेळ घेतला.
'मी मत कुणाला देतो, बायकोला सांगत नाही.
ती मला सांगत नाही.
एकाच स्कूटरवरनं जातो, एकाच स्कूटरवरनं येतो,
वाटेत वडा खातो.
माझ्या गल्लीवरनं, टोपीवरनं
लोक आधीच ओळखून बसल्यात.
बसू देत.
त्या पुठ्ठ्याच्या आडोशाला मी काय केलं
ते मला ठावं.
तेवढा आडोसा राहावा. हेच माझं मत.'

शिंत्र्यांची ऋतुजा, वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला,
वडिलांमागं किटली घेऊन उभी होती.
तिला कुणी विचारलं नव्हतं.
'गेल्या वर्षी मी इथंच जे बोलले
ते आता मला पटत नाही.'
'पलटी!' कुणीतरी ओरडलं.
'पलटी नाही, काका. वाचलं.'
तिच्या वडिलांनी किटलीचं झाकण दाबून पाहिलं.
घट्टच होतं ते.

मग इंगवले बसल्या बसल्याच म्हणाला,
'आमच्या म्हाताऱ्याच्या ट्रंकेत
लाल बावट्याची पावती हाय, वर्गणीची.
तिच्यावर मी माझं कार्ड ठेवलंय.
ट्रंक उघडली की दोन्ही दिसत्यात.
दोन्हीतलं एकबी टाकवंना.'
ह्याला मत म्हणायचं का, मगदूमलाही ठरवता येईना.
म्हशीनं शेपूट मारलं.

राहिलो मी.

एकतीस वर्षं खिळे जुळवले,
सगळ्यांची पत्रकं एकाच ट्रेडलवर.
भगवं, निळं, लाल, हिरवं,
रॉकेलनं रूळ पुसले की सगळ्यांचं मिळून
एकच गढूळ पाणी मागच्या गटारात.
लोकांना वाटतं, हेच माझं मत असणार :
सगळे सारखेच.
तसं नाही. सारखे नव्हते.
कोण खोटं छापून घेतोय
ते खिळ्याखिळ्यानं कळायचं बोटांना.
एकदा एक पत्रक आलं,
आमच्याच वस्तीला शिव्या घालणारं.
त्यात 'विरुद्ध' चुकलं होतं.
रात्री दोनला मशीन थांबवून
मी चिमट्यानं 'रू' उपसला, 'रु' बसवला,
चौकट पुन्हा आवळली.
का, ते आजही नीट सांगता येत नाही.
पण माझं मत असलंच कुठं
तर त्या चिमट्यात आहे.

हे मी कट्ट्यावर बोललो नाही.
सगळे बघत होते, ऋतुजासुद्धा.
मी पटकन एक नाव घेतलं.

हशा झाला. नऊ ग्लासांचे पैसे दिले.
'सुटलास लेका,' इंगवले म्हणाला.
पापाच्या तिकटीपर्यंत चालत आलो
आणि तिथं थांबून आठवत राहिलो
नाव कुणाचं घेतलं होतं.