विणीचा हंगाम

नदी एकच, तिला नावं तीन.
नॉर्वेच्या कागदावर टाना,
फिनलंडच्या कागदावर तेनो,
आमच्या घरात देआत्नू, म्हणजे नुसतीच मोठी नदी.
मी तिन्ही नावांच्या मध्ये बसते
काचेच्या खोक्यात, कानांवर हेडफोन.
दुभाषीचं मानधन तासावर.

बैठक काठावरच्या शाळेत, व्यायामशाळेत.
टेबलावर दोन देशांचे दोन चिमुकले झेंडे.
तिसरा, आमचा, कुणीतरी उशिरा शोधून आणला
आणि बास्केटबॉलच्या जाळीखाली उभा केला.
ऑस्लोचे हॉलवार्ड म्हणाले, 'साठा खालावला आहे.'
हेल्सिंकीच्या केर्त्तूबाई म्हणाल्या, 'साठा खालावला आहे.'
बारा वर्षांत दोन देशांचं
एवढं एकमत माझ्या कानांवरून गेलं नव्हतं.

'साठा'पाशी मी अडले.
साठा पिठाचा असतो, सरपणाचा असतो.
मासा येतो, किंवा येत नाही.
समुद्रात एकच हिवाळा काढून आलेला तो दिद्दी,
वाकड्या जबड्याचा थोराड नर तो गोआजिन,
अंड्यांनी जडावलेली ती दुओव्वी.
पण माईक थांबत नाही. मी म्हणाले,
'यायचे ते येईनासे झालेत.'
मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या,
कुणाच्या घरचं काही कळावं तशा.

मग राव्दनाला बोलावलं. तिला तीन मिनिटं.
तिने पिशवीतून सुई काढली,
रेनडिअरच्या शिंगाची, जाळं विणायची,
आणि मसुद्यावर ठेवली.

'बंदी मला कळते.
माझ्या बापानेही वरचा ओढा तीन वर्षं सोडला होता,
कुणी सांगितलं नव्हतं, मासेच रोडावले होते.
पण हा पाचवा उन्हाळा. नातू नऊ वर्षांचा झाला,
त्याला अजून एक गाठ येत नाही.
मासा वर जाऊन वीण घालतो,
आम्ही खाली बसून वीण घालतो.
त्याची तुम्ही मोजता, पाण्यात कॅमेरे सोडून.
हिची?
उद्या तो परत आला
आणि ओळखणारंच कुणी नसलं, तर?'

दोन्ही विणींना पुरेल असा एक शब्द
मला दोन्ही भाषांत सापडला नाही.
मी दोन शब्द वापरले. गाठ सुटली.
केर्त्तूबाईंनी लिहून घेतलं:
स्थानिकांच्या भावना नोंदवल्या.

आमच्या धंद्यात एक वाक्य असतं,
वर्षातून एखाद्या वेळी वापरायचं.
मी बटण दाबलं.
'दुभाषीकडून दुरुस्ती.
बाईंनी एकच शब्द वापरला होता.'
हॉलवार्डनी हेडफोन काढला, पुसला, परत लावला.
पुढचा विषय चहानंतर.

करार झाला. बंदी राहिली.
परिशिष्टात मात्र एक फट:
पूर्वेच्या समुद्रातून शिरलेला तो गुलाबी, कुबड्या मासा
दोन्ही सरकारांनी मिळून हटवायचा,
खर्च निम्मानिम्मा,
जाळी स्थानिकांनी विणायची.

म्हणजे पाच उन्हाळ्यांनी पहिलं जाळं पाण्यात पडलं
ते उपऱ्यासाठी.
राव्दना हसली का, मला माहीत नाही.
तिची बोटं चालत होती. नातू इसात शेजारी,
त्याची पहिली वीण वाकडी, दुसरीही,
सहावी बघून तिने नुसता नाकाने आवाज केला.

जुलैत एका सकाळी दोनशे बारा गुलाबी.
आणि त्यांत एक वेगळा, चांदीसारखा, धडपडता.
नियमाप्रमाणे तो सोडायचा.
इसातने त्याला पाण्याखाली धरून ठेवलं,
तोंड प्रवाहाकडे, त्याला दम लागेतोवर नव्हे,
परत दम येईतोवर.
'कोण?' राव्दनाने विचारलं.
'दिद्दी.'
हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी सुट्टीवर होते,
तिथे कुणाला दुभाषी लागला नाही.

गुलाबी माशांचा ढीग अजून काठावर सडतो आहे.
तो कुठल्या देशाने उचलायचा
यावर ऑगस्टमध्ये बैठक.
मला पत्र आलंय. दोन भाषांत.