आटे

एकतीस जुलै. रात्रीचे साडेदहा. साखरी नाट्याची जेटी.
उद्या बंदी उठणार,
आणि 'भाग्यसागर'च्या इंजिनावर पाण्याचा पंप
अजून चिकटून बसलाय पाच बोल्टांनी,
खडकाला कालवं बसतात तसा.

शेवंतीताई आडिवरेकर बॅटरी धरून उभी.
लाँच तिची.
"बरफ भरलाय," ती म्हणते. पुढं काही नाही.
बर्फाचं पुढं काय होतं
ते जेटीवरच्या कुत्र्यालाही ठाऊक असतं.

पहिल्या बोल्टाचं डोकं पान्याखाली गोल झालं,
वापरून वापरून साबणाची वडी होते तसं.
वर नट ठेवला, वेल्डिंग मारलं, थंड होऊ दिला.
थंड होऊ देणं, एवढंच काय ते कठीण. आला.

दुसरा कुरकुरला, आणि मला बरं वाटलं.
यासीन उस्ताद सांगायचे,
"आवाज केलान तर सुटंल.
गपचूप मऊ झाला तर हात काढ.
तो सुटत नाय, तो तुटतो."

तिसरा मऊ झाला.

मनगटाला कळलं, माझ्या आधी.
पण अर्धा सेकंद ते सुटण्यासारखंच असतं,
अगदी तेच सुख, तोच ढिलेपणा दंडापर्यंत चढणारा,
आणि त्या अर्ध्या सेकंदात माणूस ओढत राहतो.
डोकं पान्यात आलं. धड आत राहिलं.

कुणी बसवला रे हा, ग्रीसचं बोट न लावता?
मी त्याच्या पिढ्या मोजत शिव्या घालायला लागलो.
आजोबापर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात आठवलं:
नऊ वर्षं झाली. हीच लाँच. मी एकवीसचा.
पान्याला हातभर पाइप जोडून आवळला होता,
खलाशी बघत होते म्हणून.
ग्रीसचा डबा वर होता, शिडीच्या टोकाला.

शेवंतीताई म्हणाली, "थांबलास का?"
"काय नाय."

मग पंच. नेमका मध्यावर, कारण केसभर चुकलं
की आटे गेले, आणि आटे गेले की ब्लॉक गेला.
मग गॅस, पिकल्या रातांब्याइतका लाल होईस्तोवर,
मग मेणबत्ती टेकवली. मेण सरसर आत गेलं,
मुंगी बिळात जाते तसं, कुठं गेलं कळलं नाही.
मग उलट्या आट्याचं ड्रिल, हळू, अगदी हळू,
आणि ते एकदम अडकलं
आणि माझं नऊ वर्षांपूर्वीचं धड
गरगरत बाहेर आलं,
मागोमाग तांबडा भुगा, चिरा कापताना उडतो तसा.

चौथा आधी चिमूटभर आवळला, मग सोडवला.
हेही उस्तादांचंच. गाठ सोडवायची तर
आधी तिला वाटू दे, आपली बाजू घेतोयस.

पाचवा पार मागे, खाली, जिथं पाना फिरत नाही.
दोन बोटं घातली नुसती चाचपायला,
आणि तो फिरला.
बोटांनी. पेनाचं झाकण फिरावं तसा.
बॅटरीखाली धरला: पितळी,
आणि आट्यांत ग्रीस अजून पिवळं.
शेवंतीताईनं विचारलं, "तुटला?"
मला लगेच बोलता आलं नाही.

तोच परत लावला, त्याच भोकात.
बाकीचे नवे. ग्रीस कोपरापर्यंत.

सव्वापाचला लाँच गेली, निम्म्या बर्फानिशी.
मी तसाच उस्तादांकडे.
उजवा हात मांडीवर, दोन वर्षं तो तिथंच असतो.
डाव्यानं चहा पीत होते.
पितळी बोल्टाचं सांगितलं. ग्रीसचं सांगितलं.
माझ्या बोल्टाचंही सांगितलं, थोडं उशिरा.

"पितळी? मी?" त्यांनी मान हलवली.
"नाय आठवत."
खाडीकडे बघत राहिले बराच वेळ. भरती होती.
मग म्हणाले,
"ड्रिल कितीचं लावलंस?"
"साडेसहाचं."
"सहाचं पुरलं असतं."